न चाळलेलं खत

नांगर अजून जन्माला यायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. करंजाच्या टेकडीखाली गांडुळं खत करायची आणि साळूशेठ नावाचा साळिंदर ते पळसपानांच्या पोत्यांत भरून नद्यांपलीकडच्या रानांना धाडायचा.

पोतं भरण्याआधी खत चाळायचंच, ही भुईमावशीची शिस्त. ती सगळ्यांत जुनी गांडुळीण. चाळणीवर राहिलेली मोहरीएवढी अंडी ती हलकेच मातीत परत ठेवायची.

मागणी वाढली तसा साळूशेठ चिडायला लागला. "मावशी, चाळत काय बसता? तिकडची रानं खोळंबलीत. तुमच्या चाळणीपायी माझं नाव जातंय!"

"अहो शेठ, त्यात आमची पोरं आहेत."

"पोरं काय, पुन्हा होतील. माल जाऊ द्या!"

चाळायचा कंटाळा बाकीच्या गांडुळांनाही होताच. मावशी एकटी पडली आणि चाळणी कोपऱ्यात गेली.

चार पावसाळ्यांत टेकडीखाली फक्त म्हातारी गांडुळं उरली. माती दगड झाली, करंज वाळले. तेवढ्यात पलीकडच्या रानांचा निरोप आला, "आता खत नको. इथंच भरपूर होतंय."

शेवटी साळूशेठनेच तिकडून एक पोतं मागवलं. "वास घ्या मावशी, अगदी आपल्यासारखंच आहे!"

मावशीने पोत्यात तोंड खुपसलं. वास घरचाच होता. एखादं तरी अंडं हाती लागेल म्हणून ती तळापर्यंत धुंडाळत गेली.

एकही नव्हतं. पलीकडच्यांनी खत नीट चाळून पाठवलं होतं.