परक्या गाडीचे ओझे

फार पूर्वी काशीत एक धर्मशील राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सार्थवाहाच्या कुळात जन्मला. व्यापाऱ्यांचा तांडा रानावनातून सुखरूप पार नेणे हे त्याचे काम. त्याच्या तांड्यात एकदा पिंगल नावाचा व्यापारी सामील झाला. काळ्या दगडाचे पाटे-वरवंटे त्याने इतकी घासाघीस करून घेतले होते की विकणाऱ्याने शेवटी कंटाळून हात जोडले. तो सौदा पिंगल वाटेत भेटेल त्याला सांगे. गाडीला जुंपलेला धवळा बैल मात्र त्याने वासरू असल्यापासून वाढवला होता.

ओसाड माळ ओलांडताना मुक्कामाची विहीर कोरडी निघाली. पुढचे तळे एका दिवसाच्या वाटेवर होते आणि तहानलेले बैल भरल्या गाड्या तिथवर ओढतील अशी आशा नव्हती.

बोधिसत्त्व म्हणाला, "निम्मे ओझे इथेच टाका. जीव वाचला तर माल पुन्हा मिळेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पिंगलने गाडीतून काय टाकावे? चटया टाकल्या, दोर टाकले, आणि शेवटी बैलांची वैरणही टाकली! पाट्याला हात लावला की त्याला तो सौदा आठवे आणि हात आपोआप मागे येई. शेजारचा भद्रिक तांब्याची घंगाळी अशीच कवटाळून बसला होता. थोड्या वेळाने धवळा गुडघ्यांवर बसला. पिंगलने त्याला चुचकारले, विनवले, पण तो उठेना. पिंगलचे काळीज तुटले, तरी पाटे काही त्याच्याने टाकवेनात.

रखवालदारांचा नायक बोधिसत्त्वाला म्हणाला, "स्वामी, आपल्या गाडीत चंदन आहे, बैलही इतरांपेक्षा ताजे आहेत. आपण पुढे चला. आधी पोचेल त्याला बाजारात हवा तो भाव मिळेल. नाहीतर हुकूम करा, यांचा माल आम्ही ओढून फेकतो."

"यांना सोडून गेलो तर कमावलेला भाव मला गोड लागेल का?" बोधिसत्त्व म्हणाला. "आणि जबरदस्तीने माल फेकलास, तर हेच लोक तो उचलायला पुन्हा मागे धावतील."

मग त्याने सगळ्यांना जवळ बोलावले. "आपला माल कुणीच टाकू नका," तो शांतपणे म्हणाला. "फक्त आपापले बैल शेजाऱ्याच्या गाडीला जुंपा. त्या गाडीतले आपल्या बैलांनी काय ओढायचे, ते तुम्हीच ठरवा. माझी गाडी हा नायक हाकेल आणि तिच्यातले काय टाकायचे तेही तोच ठरवील."

पिंगलने धवळ्याला कसेबसे उठवून भद्रिकच्या गाडीला जुंपले आणि आत डोकावला. घंगाळी! असल्या भांड्यांसाठी माझ्या धवळ्याने मरायचे? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, म्हणतात ते खोटे नाही. त्याने एकेक घंगाळे धडाधड खाली लोटले, मघाशी फेकलेली वैरण मात्र उचलून गाडीत टाकली. मागे धप्प धप्प आवाज येऊ लागले म्हणून वळून पाहतो, तर भद्रिक त्याचे पाटे धुळीत टाकत होता.

"अरे, ते माझे—" पिंगल ओरडला.

"आणि ही माझी!" भद्रिकने घंगाळ्यांकडे बोट दाखवले.

मग भद्रिकला हसू फुटले, आणि पिंगललाही. पलीकडे नायक चंदनाचे ओंडके रस्त्यावर लोटत होता. बोधिसत्त्व ते पाहत उभा होता आणि त्याने नायकाला एकदाही थांबवले नाही.

हलक्या झालेल्या गाड्या तळ्यापाशी पोचल्या. धवळ्याने पाण्यात तोंड घातले आणि पिंगल त्याच्या मानेला मिठी मारून लहान मुलासारखा रडला. नंतर तो बोधिसत्त्वाच्या पायांशी बसला.

"स्वामी, बैल डोळ्यांदेखत कोसळला, तरी माझ्याने पाटे का टाकवले नाहीत?"

"आपल्या मुठीतले ओझे आपल्याला जड लागत नाही, पिंगला. मलाही माझे चंदन टाकवले नसते. म्हणून तर मी गाडी दुसऱ्याच्या हाती दिली."

पिंगलने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. इतका मोठा माणूस आपल्याच मनाला इतके ओळखून होता!

ही कथा भिक्खूंना सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा पिंगल म्हणजे अंगावरचे जुने चीवर सोडवत नाही म्हणून आज माझ्यापुढे आणलेला हा भिक्खू. भद्रिक म्हणजे त्याची तक्रार घेऊन आलेला, पण एकच पात्र ठेवायचा नियम असताना स्वतः दोन भिक्षापात्रे बाळगणारा त्याचा सोबती. आणि तो सार्थवाह मीच होतो." इतरांचा मोह ओळखताना जी बुद्धी स्वतःचाही ओळखते आणि कुणालाही न हिणवता पैलतीरी नेते, तिलाच प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची पूर्णता, म्हणतात.