हिरूचा जबडा आणि येसाजीची घाई

नदीकाठच्या एका ऊसवाल्या गावात येसाजी नावाचा गुऱ्हाळवाला राहायचा. माणूस मनाचा चांगला, पण पायाला भिंगरी. जेवायला बसला की अर्ध्या भाकरीवर उठायचा. काहिलीतला रस नीट आटायच्या आत म्हणायचा, "चला, उतरवा!" मग गूळ बसायचा नाही, ढेप पाझरायची, आणि हा गड्यांवर ओरडायचा. पुढच्या काहिलीला पुन्हा तेच. त्याला सांगणार कोण? ऐकून घ्यायला माणूस एका जागी थांबायला तर हवा!

येसाजीला एकुलती एक मुलगी, हिरू. तिची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून येसाजीची बहीण गजरा घर सांभाळत होती. हिरूचं लग्न ठरलं. मुहूर्त सकाळचा निघाला. आदल्या रात्री हळद झाली, बायकांची गाणी झाली, पोरीला कुणी डोळ्याला डोळा लागू दिला नाही. सकाळी आत्या वेणी घालत होती, तेवढ्यात हिरूला एक भलीमोठी जांभई आली. तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

हिरूला वाटलं, आता मिटेल, मग मिटेल. कुठलं मिटतंय! खालचा जबडा पुढे येऊन अडकला होता. लाळ गळून शालू भिजायला लागला. बोलायला जावं तर नुसतं "आ… आ…" गजरा ओरडली, "अगं बाई, माझ्या पोरीला कुणी धरलं गं!" आणि मीठ-मोहऱ्या आणायला धावली.

येसाजी मांडवातून पळत आला. लेकीकडे बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण हात काही गप्प बसेनात. "मीट! मीट म्हणतो ना!" असं म्हणत त्याने तिच्या हनुवटीला तळवा लावला आणि जोर करून वर ढकललं. हिरू कळवळली. त्याने आणखी जोर लावला. जबडा जरासुद्धा हलला नाही, उलट जास्तच आवळला.

इतक्यात बाहेरून निरोप आला, वऱ्हाड वेशीत पोचलं. येसाजीचं धाबं दणाणलं. पोरीचं असं तोंड बघितलं तर माणसं काय म्हणतील? बाधा झालीय म्हणतील, मांडवातून परत फिरतील, आणि मग हिरूला कोण करून घेणार? निरोप्याला त्याने दारातूनच सांगून टाकलं, "मुलगी देवाच्या पाया पडायला गेलीय, आलीच!" आणि दुसऱ्या दाराने माणूस पिटाळला तालमीत, नरसू वस्तादाकडे.

वस्ताद तालमीत कुस्ती शिकवायचा. पैलवानांचे निखळलेले सांधे बसवून बसवून त्याचा हात असा बसला होता की गावात कुणाचंही हाड सरकलं तरी त्यालाच बोलावणं जायचं. तो आला. आधी हात धुतले. मग हिरूसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "भिऊ नकोस बाळ. दिसतं भयंकर, आहे थोडकं."

"वस्ताद, लवकर करा!" येसाजी त्याच्या डोक्यावर उभा.

"लवकर करायला नाही आलो. नीट करायला आलोय."

वस्तादाने तिच्या दोन्ही कानांपुढे बोटं टेकवली. "येसाजी, तूसुद्धा आपल्या कानापुढे बोट ठेव. आता तोंड उघड, मीट. काही हलतंय?"

"हलतंय की! पण वस्ताद, वऱ्हाड…"

"ती जबड्याच्या हाडाची गोटी. वरच्या हाडात तिला बसायला खोबण असते, आणि दोघांच्या मध्ये एक पातळ गादी. तोंड उघडलं की गोटी आधी जागच्या जागी फिरते, मग गादीला घेऊन पुढे सरकते. पुढे एक उंचवटा आहे. जांभई मोठी आली आणि हिची गोटी उंचवटा ओलांडून पलीकडे उतरली. दोन्ही बाजूंना. बघ, इथे नुसता खड्डा लागतोय."

"मग ढकला ना मागे!"

"तू ढकललंस ना? काय झालं? गालातला हा जाड स्नायू आणि कानशिलावर पसरलेला हा दुसरा, दोघंही घाबरून वर ओढतायत. तू पण वरच ढकललंस. म्हणजे गोटी उंचवट्याला आणखी आवळून बसली. मिटायचंय म्हणून वर ढकलून मिटत नाही रे. आधी खाली दाबायचं, तिला उंचवट्याखालून सोडवायचं, मग मागे. पण हे स्नायू सैल पडल्याशिवाय मी हात लावणार नाही. आता हिच्या मागे बस. हिचं डोकं छातीशी धर."

"भिंतीला टेकवा की. मी जरा बाहेर बघून येतो."

"भिंतीला टेकलेलं माणूस ताठतं. आपल्या माणसाला टेकलेलं सैल पडतं. आमच्या तालमीची रीत आहे ही. बस खाली."

येसाजी बसला, पण नुसता बुडाने. गुडघा हलतोय, मान दाराकडे, छाती भात्यासारखी वरखाली. वस्तादाने अंगठ्यांना फडकं गुंडाळलं, कारण जबडा बसताना दात खटकन मिटतात. हिरूच्या खालच्या दाढांवर अंगठे ठेवून त्याने जरासं दाबून पाहिलं आणि हात काढून घेतला.

"होत नाही."

"का?" येसाजी रडकुंडीला आला.

"ती तुझी धडधड ऐकतेय. तू दात खातोयस, तीही आवळतेय. येसाजी, तू इथे बसलेला नाहीस, तू वेशीत उभा आहेस."

बाहेर वाजंत्री वाजायला लागली. गजरा दारात येऊन म्हणाली, "दादा, ते विचारतायत, नवरी कुठाय? भटजी म्हणतात, मुहूर्त टळेल. काय सांगू?"

येसाजीने खाली पाहिलं. हिरूचे डोळे त्याच्याकडेच लागले होते, पाण्याने डबडबलेले. तिला दुखत होतं, आणि त्याहून जास्त तिला बापाची भीती वाटत होती. सकाळपासून त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं, वेशीकडे पाहिलं होतं, तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

"खरं ते सांग," तो म्हणाला. "म्हणावं, पोरीचा जबडा निखळलाय, बसवतोय. मुहूर्त टळला तर टळू दे. थांबायचं असेल तर थांबा, जायचं असेल तर जा. मी आता उठणार नाही."

गजरा गेली. येसाजीने भिंतीला पाठ टेकली, लेकीचं डोकं छातीवर नीट घेतलं आणि तिच्या कानशिलांवर हळूहळू बोटं फिरवायला लागला. गुडघा थांबला. श्वास खाली बसला. बाहेरची वाजंत्री बंद पडली, तरी त्याने मान वळवली नाही. त्याच्या बोटांखाली ताठलेलं काहीतरी कणाकणाने सैल पडत होतं. हिरूने डोळे मिटले.

"हां," वस्ताद पुटपुटला. अंगठे दाढांवर, बोटं हनुवटीखाली. खाली दाबलं, दाबून धरलं, मग मागे सरकवलं. खट्! जबडा जागेवर गेला. वस्तादाने अंगठे चपळाईने बाजूला घेतले आणि हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधलं. "थोडे दिवस पातळ पेज. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धर. बोलायचंच असेल तर दात न उघडता."

गजरा धापा टाकत परत आली. "दादा, व्याही म्हणतात, आम्ही सून न्यायला आलोय, मुहूर्त न्यायला नाही. बसलेत मांडवात. भटजी गोरज मुहूर्तावर लावतो म्हणतात!"

"अरे बाप रे! मग पानसुपारी, बसायला घोंगड्या…" येसाजी सवयीने ताडकन उठायला गेला.

हिरूने त्याचा हात घट्ट धरला. मिटल्या दातांतून शब्द आले, हळू पण स्वच्छ.

"बाबा, उठू नका ना एवढ्यात."

येसाजी पुन्हा बसला. पानसुपारी गजराने पाहिली.

तात्पर्य एवढंच: अडलेलं काम असो की घाबरलेलं माणूस, आपल्या घाईने ढकललं तर ते जास्तच अडतं, कुठे अडलंय ते आधी पाहावं आणि ते सैल होईपर्यंत त्याच्याजवळ शांत बसावं.