मागच्या दारातली अडगळ

जंगलाच्या कडेला, जिथे सहलीला आलेली माणसं डबे उघडून बसतात, तिथे एका बांधाखाली एक उंदरीण आपल्या तीन पिलांसह राहत असे. मुलांनो, उंदराच्या बिळाला दोन दारं असतात बरं का! पुढचं येण्याजाण्याचं आणि मागचं जीव घेऊन पळण्याचं. पण या उंदरिणीला कसलीच वस्तू टाकवत नसे. बाटल्यांची झाकणं, आइस्क्रीमचे लाकडी चमचे, चकचकीत कागद, एक फाटका मोजा, दिसेल ते ती ओढून आणी आणि मागच्या वाटेत कोंबी. खाण्याचीही तीच तऱ्हा. दाणे आणि कोवळे कोंब शोधत हिंडायचा तिला भारी कंटाळा. माणसांनी सांडलेली शेव-बुंदी पिलांपुढे ओतली की झालं काम! दोन पिलं खाऊन खाऊन टम्म फुगली होती. धाकट्याला मात्र तेलकट पचत नसे, म्हणून ते आपलं बांधावरचे दाणे वेचून खाई.

एकदा शेजारची चिचुंद्री डोकावली आणि तिने कपाळावर हातच मारून घेतला. "अगं बाई, घर आहे की उकिरडा? मागची वाट आधी मोकळी कर. ओढ्याकाठी धामण आलीये. आणि ही तुझी पोरं! दोन पावलं चालली की धापा टाकतात."

"असू दे हो, लागतं कधीतरी," उंदरीण हसून म्हणाली. "आणि पोरांचे खायचेच दिवस आहेत. आवरीन उद्या."

तो उद्या काही उजाडला नाही. एका दुपारी पिलं बुंदी खात बसली होती, तोच पुढच्या दारातला उजेड एकाएकी गेला. सळसळ ऐकू आली आणि पाठोपाठ थंडगार आवाज, "घरातच आहात ना सगळे?"

"पळा! मागच्या दाराने पळा!" उंदरीण ओरडली. पण मागे वाट होतीच कुठे? एक झाकण ओढावं तर वरून चार कोसळत. धाकटं कसंबसं एका फटीतून बाहेर निसटलं. थोरलं त्याच फटीत पोटापाशी अडकलं. "आई, मी मावत नाहीये गं!" ते रडू लागलं. मधलं तर आईलाच घट्ट बिलगलं. सळसळ अगदी जवळ आली. तेवढ्यात बाहेरून धाकट्याने मोज्याचं टोक दातात धरून जीव खाऊन ओढलं, आतून आईने डोक्याने रेटा दिला, आणि सगळी अडगळ धाडकन बाहेर पडली. पाठोपाठ दोन्ही पिलंही. उंदरीण शेवटी निघाली. धामणीने तिची शेपटी पकडली. उंदरिणीने हिसका दिला, एक किंकाळी फोडली आणि ती सुटली. अर्धी शेपटी मात्र आतच राहिली.

पुढे ओढ्यापलीकडे त्यांनी नवं बीळ केलं. एक दिवस थोरलं नाचत एक झाकण घेऊन आलं. "आई, केवढं चकचकीत आहे बघ! लागेल ना कधीतरी?"

उंदरिणीने नुसती पाठ फिरवली. पिलाने तिच्या तुटक्या शेपटीकडे पाहिलं, गुपचूप झाकण बाहेर टाकून दिलं आणि धाकट्यामागून दाणे वेचायला गेलं.

तात्पर्य : 'लागेल कधीतरी' म्हणून घरात कोंबलेलं आणि 'खाऊ दे' म्हणून पोटात कोंबलेलं, दोन्ही ऐन संकटात वाट अडवतं.