थांबणारी करवत

हत्यारं बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. वादळात फणसाची जाड फांदी गोदाक्का अस्वलिणीच्या गुहेच्या दाराशी पडली आणि तिचा म्हातारा नवरा आत अडकला. ती धावत साळिंदराच्या दुकानात साखळी-करवत घ्यायला गेली.

मोठी करवत म्हणाली, "मला न्या. एकदा सुरू झाले की मी कुणाचं ऐकत नाही."

लहान करवत म्हणाली, "मी जरा सावकाश कापते. पण तुम्ही खटक्यावरचं बोट उचललंत की तिथल्या तिथे थांबते."

साळिंदर हसला. "अक्का, करवत कापायला घेतात, थांबायला नाही."

गोदाक्काला नवरा आठवला. त्याला नीट दिसत नसे, पण प्रत्येक कामात हात घालायची भारी हौस. तिने लहान करवत उचलली.

फांदी निम्मी कापून झाली, तोच फटीतून एक केसाळ पंजा बाहेर आला. "मी इकडून ओढू का गं?"

गोदाक्काने बोट उचललं. करवत जागीच थांबली. तिने तो पंजा घट्ट धरला.

"अहो, तुम्ही मागे बसून नुसत्या गप्पा मारा."

काम संध्याकाळपर्यंत लांबलं. म्हाताऱ्याला सारखं काहीतरी सांगायचं असे आणि तेवढ्यापुरती करवत थांबत असे.