अस्तरातली अंगठी

"...मग कशात ओवू, म्हणजे ही अंगठी पुन्हा पडणार नाही?"

त्र्यंबक सबनीसांनी शर्टाच्या आतून काळा दोरा वर ओढला. दोऱ्याला एक लहानशी सोन्याची अंगठी होती.

आक्का मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचं माहेर पटवेकऱ्यांचं. लहानपणापासून वडिलांशेजारी बसून त्यांनी लोकांचे दागिने रेशमात ओवले होते. मठात येऊन चाळीस वर्षं झाली, आता तिथे ध्यान त्याच शिकवत, तरी बोटं ते काम विसरली नव्हती. म्हणून तर सबनीस विचारायला आले होते.

"पुन्हा?" आक्का म्हणाल्या. "म्हणजे सापडली."

सबनीसांनी दोरा बोटाभोवती गुंडाळला.

तीस वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवून, बायको, निर्मलाबाई, गेल्यावर ते मठात आले होते. निर्मलाबाईंची अंगठी त्यांच्या बोटात जात नव्हती. ती त्यांनी एका बारीक कडीने साखळीत अडकवून गळ्यात घातली. मठात सगळे त्यांना सर म्हणायचे. आक्का तेवढ्या त्र्यंबक म्हणायच्या, आणि ते त्यांना सुरुवातीला जरा खटकलंही होतं.

महिन्यामागे एका दुपारी साखळी गळ्यात होती, अंगठी नव्हती.

पंगत बसली होती. मठात कामाला येणाऱ्या कौसल्याबाई भाकरी वाढत होत्या.

"माझी खोली तुम्हीच झाडता ना?" सबनीसांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं.

कौसल्याबाईंनी भाकरीची टोपली खाली ठेवली. पदराची गाठ सोडून दाखवली. कमरेचा बटवा काढून फरशीवर उलटा केला. सुपारीचं खांड, चुन्याची डबी, दोरा ओवलेली एक सुई. एवढंच होतं. त्यांनी ते गोळा केलं आणि उरलेल्या भाकरी वाढल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

"कुठं सापडली?" आक्कांनी विचारलं.

"माझ्याच बंडीच्या अस्तरात. कडी झिजून तुटली होती. अंगठी बंडीच्या खिशात पडली, खिसा फाटका... त्यातून आत गेली."

"कधी?"

"आज सकाळी."

आक्कांनी हात पदराला पुसले. पुढे वाकून त्यांनी सबनीसांच्या मानेवरचा दोरा बाजूला सारला. खाली कातडीवर काळपट पट्टा उमटला होता.

"एका सकाळीत दोरा एवढा रंग सोडत नाही, त्र्यंबक."

"बारा दिवस झाले," सबनीस म्हणाले.

"बारा दिवस रोज माझ्यासमोर ध्यानाला बसलास."

"हो."

"ही गळ्यात घालून."

"हो... सांगणारच होतो, आक्का. रोज उठलो की ठरवायचो. मग वाटायचं, बाई तर काम सोडून गेली. लोक विसरले. आता पुन्हा विषय कशाला..."

त्यांनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत वर्गातल्या किती मुलांनी त्यांच्यासमोर अशी मान घातली असेल. ती मुलं तेव्हा काय पाहत असतील, ते आज त्यांना कळलं. फरशीची भेग.

आक्का उठून आत गेल्या. येताना रेशमाची लडी घेऊन आल्या.

"दे इकडे."

त्यांनी दोन पदर एकत्र पिळले.

"नीट बघ. नुसतं एकदा अंगठीतून ओवून सोडायचं नाही. रेशीम दुमडून अंगठीतून काढायचं, त्या दुमडीतून अंगठी उलटी घ्यायची, मग ओढायचं. जितका भार येईल तितकी गाठ आवळत जाते."

"खरंच साधं आहे."

"साधंच आहे."

त्यांनी तो गोफ सबनीसांच्या गळ्यात बांधला. सबनीस सवयीने अंगठी शर्टाच्या आत सोडू लागले. आक्कांनी मनगट धरलं.

"बाहेर राहू दे. अशीच घालून कौसल्येकडे जा."

"सगळ्या गावातून?"

आक्का शेंगा सोलू लागल्या होत्या.

कौसल्याबाईंची वस्ती गावापलीकडे, अर्ध्या तासाच्या वाटेवर. अंगठी चालताना छातीवर हलत होती. पारावरच्या दोघांनी उठून नमस्कार केला. "सर, इकडं कुणीकडं?" सबनीसांनी हात जोडले आणि ते पुढे निघाले. पहिल्यांदाच त्यांना वाटलं, या गावात आपल्याला कुणी ओळखत नसतं तर बरं.

कौसल्याबाई अंगण सारवत होत्या. त्यांची नजर आधी अंगठीवर गेली, मग सबनीसांच्या तोंडावर.

"सापडली व्हय? लई बरं झालं. बाईसाहेबांची होती न्हवं."

सबनीसांनी मान हलवली.

"बसा की, सर." त्यांनी हात धुतले, घोंगडी टाकली, चुलीवर चहा ठेवला.

चहा उकळेपर्यंत त्याच बोलत होत्या. शेळी व्याली होती. सुनेचं दुखणं थांबलं होतं.

"औंदा लग्नाच्या सैपाकाला कुणी बोलावलं न्हाई मला," त्या कपात चहा गाळताना म्हणाल्या. "दर साली ह्या म्हैन्यात धा-बारा लग्नं हुत्यात. बरंच झालं म्हना. जरा पाठ टेकाया मिळाली."

त्यांनी कप पुढे केला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. सबनीसांनी चहा घेतला. कप ठेवून ते उठले. दारात क्षणभर थांबले. कौसल्याबाईंनी पुन्हा सारवणाच्या पाटीत हात घातला होता.

ते परत निघाले. निम्म्या वाटेवर त्यांना जरा हलकं वाटलं. निदान तोंड तरी दाखवलं, अंगठी लपवली नाही.

आक्का ओसरीवरच होत्या.

"जाऊन आलो, आक्का."

"काय म्हणाली?"

"तिच्या मनात काही नाही. उलट सापडली, बरं झालं म्हणाली. चहा दिला."

"आणि तू काय म्हणालास?"

सबनीस उभेच राहिले. शब्द शोधायला ते मनाने वाटभर मागे जाऊन आले. अंगणात, घोंगडीवर, दारात... एकही सापडला नाही.

"मी काहीच बोललो नाही."

आक्कांनी सोललेले दाणे सुपात ओतले.

"मग अजून तू गेलाच नाहीस."