माळावरची लाकडी ढोली

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाच्या अगदी शेवटच्या घरात एक म्हातारा सुतार राहायचा. बायको देवाघरी गेली होती. एकुलती एक मुलगी लग्न होऊन घाटाखाली दूर नांदत होती. सुताराचे हात अजून चांगले चालायचे, पण बोलायला घरात कुणी नव्हतं. कधी कधी दिवस मावळायला आला की त्याच्या लक्षात यायचं, आज आपल्या तोंडून एक शब्दही निघालेला नाही. मग तो उगीच खाकरायचा.

त्या वर्षी गावकऱ्यांनी वीटभट्टीसाठी रानातली वठलेली झाडं तोडून आणली. वाळक्या झाडांचा दुसरा काय उपयोग, असं सगळ्यांना वाटलं. पण त्या झाडांच्या ढोलीत छोटी निळी पाखरं घरटी करायची. अंडी घालायचे दिवस आले आणि पाखरांना जागाच उरली नाही. ती कुंपणावर नाहीतर कौलांवर बसून इकडेतिकडे बघत राहायची.

सुताराला त्यांचं वाईट वाटलं. त्याने उरलेल्या सागाच्या फळ्या घेतल्या, रंधा मारला आणि एक पेटी जोडली. पुढच्या फळीला निळं पाखरू आत जाईल पण साळुंकी जाणार नाही एवढंच भोक पाडलं. पाणी निथळावं म्हणून झाकण उतरतं ठेवलं आणि आत डोकावता यावं म्हणून त्याला बिजागरी लावली. ही लाकडी ढोली त्याने ओसरीच्या खांबावर, आपल्या बाजेच्या अगदी समोर ठोकली.

थोड्याच दिवसांत एक जोडी आली. काड्या, गवत, मऊ पिसं आत जाऊ लागली. सुताराला घर भरल्यासारखं वाटलं. सकाळी उठून तो पाखरांशी बोलायचा. आज भाकरी करपली, गुडघा दुखतोय, लेकीचा काही निरोप नाही, असं सगळं त्यांना सांगायचा. आणि दिवसातून कितीदा तरी झाकण उचलून आत बघायचा. आत फिकी निळसर अंडी होती. मादी दचकून उडून जायची. तो म्हणायचा, “घाबरू नकोस गं, मीच आहे.”

एका सकाळी जोडी दिसली नाही. दुपारीही आली नाही. सुताराने झाकण उचलून बोट लावलं तर अंडी गार पडली होती.

पुढे काही दिवसांनी एक धनगरीण मेंढरं घेऊन तिथून चालली होती. ती पाणी प्यायला थांबली, तेव्हा सुताराने तिला सगळं सांगितलं. तिने खांबाकडे पाहिलं, त्याच्या बाजेकडे पाहिलं.

“बाबा, ती पाखरं राहायला आली होती,” ती म्हणाली. “तुमच्याशी बोलायला नाही.”

मग तिने सांगितलं, की वर माळावर एक कडुलिंबाचं झाड आहे, तिथे माणसांचा वावर नाही, समोर मोकळं रान आहे, किडे भरपूर आहेत. सुताराने तिच्या हातून तांब्या घेतला आणि तो आत निघून गेला. त्याला तिचा राग आला होता. त्या रात्री तो जेवलाही नाही, कारण ती खरं बोलली होती.

वर्ष सरलं. जोडी पुन्हा आली आणि सरळ ओसरीवरच्या ढोलीवर बसली. सुताराचा जीव हरखला. आता झाकण उचलायचं नाही, नुसतं लांबून बघायचं, असं त्याने ठरवलं. पण झाकणाकडे जाणारा आपला हात त्याला ठाऊक होता. ढोली राहू दिली असती तर कुणी बोल लावणार नव्हतं, आणि निदान काही दिवस घरात किलबिल झाली असती.

मग उठून त्याने खिळे उपसले. पाखरं ओरडत ओसरीभोवती फिरली. सुताराने मान वर केली नाही. बिजागरी काढून त्याने झाकण खिळ्यांनी पक्कं केलं, ढोली खांद्यावर घेतली आणि दम खात माळ चढला. लिंबावर, वाऱ्याकडे पाठ होईल अशी ती बांधली. मांजर चढू नये म्हणून बुंध्याला काटेरी फांद्या गुंडाळल्या आणि मागे वळून न पाहता घरी आला.

ते दिवस फार जड गेले. खांबावर नुसती भोकं उरली होती. माळ पुन्हा चढायची गुडघ्यात ताकद नव्हती, आणि असती तरी तो गेला नसता.

एके दिवशी धनगरीण मुद्दाम वाट वाकडी करून आली.

“बाबा, पिल्लं उडाली.”

“किती होती?” त्याने विचारलं.

“मोजली नाहीत. पण फांदी निळी दिसत होती.”

सुताराने मान हलवली. ढोली नसलेल्या जोड्या अजून किती आहेत, हे त्याने तिला विचारलं आणि आत जाऊन करवत घेऊन आला. त्यानंतर त्याने पुष्कळ ढोल्या केल्या. धनगरीण त्या रानोमाळ बांधून यायची. त्याच्या ओसरीवर मात्र एकही नव्हती.

काम संपलं की संध्याकाळी तो एकटाच बाजेवर बसायचा. तिथून माळ दिसत नसे. तरी त्याने बाज फिरवून त्या दिशेला तोंड करून ठेवली होती.

तात्पर्य: ज्याला जीव लावायचा, त्याला त्याच्या सोयीची जागा द्यावी, आपल्या सोयीची नव्हे.