सासू नावाचा खडक

मुलांनो, ज्या दिवशी तुम्ही शाळेत नसता, त्या दिवशी शिकवलेला धडा कुठे जातो?

तो कुठेही जात नाही. जिथे असतो तिथेच थांबून राहतो. एका शिष्याचा धडा असाच पाण्याखाली थांबून राहिला होता. त्याची ही गोष्ट आहे.

फार जुन्या काळी एका खाडीच्या मुखाशी कोळ्यांचे एक गाव होते. ते मुख खडकांनी भरलेले होते. भरती आली की पाणी सपाट दिसे आणि खडक त्याखाली दडत. म्हणून त्या गावात होडी हाकायला शिकवणारी एक शाळा होती. तिला भिंती नव्हत्या. देवीच्या देवळापुढची वाळू हाच वर्ग, आणि आयुष्यभर होड्या हाकलेला एक वृद्ध तांडेल हा तिचा गुरू. ओहोटी लागली की शिष्यांनी पाण्यात उतरायचे आणि उघड्या पडलेल्या खडकांतला एक खडक शिकायचा, असा तिथला अभ्यास.

हजेरीची रीत वेगळी होती. ज्या दिवशी जो खडक शिकवला जाई, त्या खडकावर चिकटलेल्या कालवाचा एक शिंपला प्रत्येक शिष्याने आपल्या हाताने खरवडून काढावा आणि देवीच्या पायरीवर आपल्या नावाच्या करवंटीत आणून ठेवावा. शिंपला दिसला की हजेरी लागली. कोणी आला नाही, तर तांडेल रागवत नसे. तो एवढेच म्हणे, "माणसाला ताप येतो, घरात मरण होते. न येणे हे पाप नाही. पण राहिलेला खडक तशीच ओहोटी पुन्हा आली की आपल्या पायांनी जाऊन भरून काढायचा. तोवर सुकाणूला हात लावायचा नाही."

धाकू नावाच्या शिष्याचा बाप वारला तेव्हा त्याचा एक खडक राहिला. तो भरून निघेपर्यंत धाकू मुकाट्याने वल्ही मारत राहिला. बाकीचे चिडवत, "काय धाकूशेठ, अजून वल्हेच?" धाकू हसून म्हणे, "वल्ह्यालाही हात लागतातच की रे." पुढे तशी ओहोटी आली, धाकू गेला, शिंपला घेऊन आला, आणि विषय संपला.

त्याच शाळेत हिराजी नावाचा शिष्य होता. बुद्धीने तो सर्वांत तल्लख. खडकांच्या खुणा एकदा ऐकल्या की त्याला पाठ होत. चैत्रात देवीची पालखी होडीतून पलीकडच्या तीरावर तिच्या बहिणीच्या भेटीला जाई. त्या होडीचे सुकाणू हिराजीच्या आज्याने धरले होते, बापाने धरले होते. यंदा शाळेतून ज्यांच्या करवंट्या पूर्ण भरतील त्यांच्यातल्या सर्वांत हुशार शिष्याला ते मिळायचे होते, आणि हिराजीच पुढे होता. त्याच्या आईने त्या दिवसासाठी लाल फेटा रंगवून पेटीत ठेवला होता.

एकच खडक शिकायचा राहिला होता. त्याला सारे सासू म्हणत, कारण तो बोलत नसे आणि सोडत नसे. एरवी पाण्यात बुडालेला हा खडक वर्षातून दोनच वेळा उघडा पडे. एकदा फाल्गुनातल्या मोठ्या ओहोटीला, आणि मग पावसाळा सरल्यावर आश्विनात. तो तीरापासून बराच दूर होता. तांडेल आता थकला होता, तिथवर जात नसे. शिष्य जोडीजोडीने जात आणि एकमेकांची साक्ष देत. हिराजीची जोडी धाकूशी होती.

त्या ओहोटीच्या आदल्या दिवशी हिराजीच्या आजोळी कुस्त्यांचा फड होता. तो तांडेलाकडे गेला.

"बाबा, फड बघून येतो. पाणी उतरायच्या आत परततो."

"जा," तांडेल म्हणाला. "पण सासू कोणासाठी थांबत नाही. चुकलास तर आश्विनात भेटेल. मग यंदाचे सुकाणू नाही."

"चुकतोय कशाला, बाबा?"

फड रंगला. हिराजी रात्री तिथेच राहिला, सकाळी मामाने आग्रहाने जेवायला बसवले. तो धावत किनाऱ्याला आला तेव्हा पाणी चढू लागले होते. बाकीचे शिष्य केव्हाच देवळाकडे निघून गेले होते. एकटा धाकू, सर्वांत मागे, हातात कोयती घेऊन पाण्यातून बाहेर येत होता. त्याच्या नडगीतून रक्त येत होते.

"भेटलास सासूला?" हिराजीने विचारले.

"भेटलो. तुझी वाट बघून बघून मग एकटाच गेलो. कुठे होतास, लेका?"

"ते सोड. शिंपला दाखव."

धाकूने मूठ उघडली. सासूवरचे शिंपले तांबूस असतात, दुसऱ्या कोणत्याही खडकाचे तसे नसतात. धाकूच्या हातात दोन होते. एक शिंपला खरवडताना शेजारचाही सुटून आला होता.

हिराजीचे डोळे त्या दुसऱ्यावर खिळले. "धाकू, हा मला दे."

"आणि बाबांना काय सांगू?"

"उशिरा आलो, पण तुझ्याबरोबर गेलो, एवढेच. अरे, खडक कुठे आहे ते तू मला सांगशीलच की. जाऊन तरी मी वेगळे काय बघणार होतो?"

"आश्विनात जा ना. मी येतो तुझ्याबरोबर."

"आश्विनात! आणि चैत्रात माझ्या आईने तो फेटा कोणाच्या डोक्याला बांधायचा? तुझ्या?"

मित्राला नाही म्हणण्याचे बळ धाकूत नव्हते. त्याने शिंपला दिला आणि खुणाही सांगितल्या. पलीकडच्या देवळाची दीपमाळ आणि तिच्यामागचा एकटा ताड एका रेषेत आले की सासू जवळ आली असे समजायचे आणि तिला डाव्या हाताला ठेवून निघायचे.

"एवढेच?"

"एवढेच."

"आणि पायाला हे काय लागले?"

"काही नाही. येताना खरचटले."

हिराजीने पुढे विचारले नाही. धाकूलाही ती सांगण्यासारखी गोष्ट वाटली नाही.

संध्याकाळी तांडेल पायरीवर बसला होता. हिराजीने शिंपला करवंटीत ठेवला.

"सासूला हात लावलास?"

"लावला, बाबा."

"साक्षीला कोण?"

"धाकू."

तांडेलाने धाकूकडे पाहिले. धाकूने होकाराची मान हलवली, पण नजर वाळूवरच ठेवली. मग तांडेलाने खुणा विचारल्या. हिराजीने त्या इतक्या बिनचूक सांगितल्या की तशा दुसऱ्या कोणाला सांगता आल्या नव्हत्या. तांडेलाने देवीला हात जोडले आणि म्हणाला, "शिंपला तिच्यापुढे ठेवला आहेस. आता मी विचारणारा कोण?"

सुकाणू हिराजीला मिळाले.

चैत्रात पालखी निघाली. आईने हिराजीच्या डोक्याला लाल फेटा बांधला आणि ती पालखीशेजारी बसली. होडीत म्हातारी माणसे होती, लेकुरवाळ्या बाया होत्या. वल्ही मारणाऱ्यांत धाकू होता. वल्ही मारणाऱ्याची पाठ नेहमी होडीच्या पुढच्या टोकाकडे असते. पुढचे दिसते ते फक्त सुकाणू धरणाऱ्याला, आणि होडीतल्या सर्वांचे डोळे म्हणजे त्याचेच डोळे.

दीपमाळ आणि ताड एका रेषेत आले. पाणी सपाट होते. मागून दुसऱ्या होड्या येत होत्या, त्यांच्या पुढे राहावे असे हिराजीच्या मनात आले. त्याने सासूलगतची जवळची वाट धरली.

धाकूने पाठमोऱ्यानेच विचारले, "हिराजी, सासू कुठे?"

"डाव्या हाताला. तू म्हणालास तिथेच."

"किती लांब?"

"होडीला शिवणार नाही एवढी. घाबरलास काय, लेका?"

धाकूची नडगी त्याच क्षणी दुखल्यासारखी झाली. फाल्गुनात शिंपला घेऊन परतताना तो खडकापासून चांगला दूर आला होता, पाणी मोकळे आहे असे त्याला वाटले होते, आणि तिथेच त्याचा पाय कापला होता. सासूचा एक पसरट भाग पाण्याखालून बराच लांबवर गेला होता. मोठ्या ओहोटीतही तो डोळ्यांना दिसत नसे. तो पायालाच कळे.

"बाहेर काढ!" धाकू ओरडला. "आणखी बाहेर काढ!"

हिराजीने सुकाणू वळवले. त्याला उशीर झाला होता. होडीचा तळ फाटला आणि ती एका अंगावर कलली. पालखी घसरली. हिराजीच्या आईने दोन्ही हातांनी पालखीचा दांडा कवटाळला.

धाकूने पाण्यात उडी टाकली. पाय कुठे टेकायचा ते त्याला ठाऊक होते. त्या दडलेल्या खडकावर उभे राहून त्याने कलत्या बाजूला खांदा लावला, आणि मागच्या होड्या येऊन शेवटचे मूल उचलून नेईपर्यंत तो हलला नाही. देवीच्या कृपेने कोणाचा जीव गेला नाही. पालखी कोरडी राहिली. पण पिढ्यान् पिढ्या देवीला नेणारी ती होडी तिथेच दुभंगली, आणि दुभंगताना होडी व खडक यांच्यामध्ये धाकूचा पाय चिरडला. तो पुन्हा सरळ झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तांडेलाने हिराजीला पायरीशी उभे केले.

"सासूच्या पुढे पाण्याखाली काय आहे?"

"ठाऊक नाही, बाबा," हिराजी म्हणाला.

"तिचा पदर आहे. मी तो कोणालाच तोंडाने सांगत नाही. जो जातो त्याला तो खरचटून सांगतो. त्या दिवशी शाळेतल्या प्रत्येकाच्या पायाला रक्त होते. मी तुझे पाय पाहिले नाहीत. देवीपुढचा शिंपला पाहिला आणि विश्वास ठेवला."

धाकूला उचलून आणले होते. तो म्हणाला, "बाबा, शिंपला मी दिला. मैत्रीखातर दिला."

"मैत्री असती तर आश्विनापर्यंत त्याच्याबरोबर थांबला असतास," तांडेल म्हणाला. "तुझी शिक्षा तुझ्या पायात आहे. मी आणखी देणार नाही."

हिराजीने वाळूवर डोके टेकले. "बाबा, आश्विनात जाईन. राहिलेले भरून काढीन."

"जायलाच हवे. राहिलेला धडा कधीही भरून काढता येतो. पण भरून काढला असे खोटे सांगितलेस, ते कोणत्या ओहोटीला भरून काढशील?"

आश्विनात हिराजी गेला. त्याचाही पाय कापला. त्याने आपल्या हाताने काढलेला शिंपला करवंटीत ठेवला आणि आधीचा उचलून समुद्रात टाकला. तांडेलाने पाहिले आणि सांगितले, "धडा पूर्ण झाला. सुकाणू नाही."

मुलांनो, गोष्टीतून घ्यायचे ते इतकेच. आजारपणात किंवा अडचणीत शाळा बुडाली तर खाली मान घालू नका. आल्यावर राहिलेले स्वतः करा, मग त्यासाठी मागे बसावे लागले तरी चालेल. दुसऱ्याचे उतरवून घेतलेले गुरूला दाखवता येईल, पण परमेश्वराला ते दिसतेच, आणि ज्यांनी तुमच्या भरवशावर होडीत पाय ठेवला आहे त्यांना त्याची किंमत द्यावी लागते.

हिराजीला जी शिक्षा झाली ती अशी. दरवर्षी यात्रेच्या दिवशी, पालखी निघण्याआधी, त्याने सासूच्या पदरावर जाऊन छातीभर पाण्यात उभे राहायचे. हातात बांबू धरायचा, म्हणजे होड्यांना खडक कळेल. बांबूच्या टोकाला त्याच्या आईने तो लाल फेटा फाडून स्वतः बांधला. शेवटची होडी पार होईपर्यंत त्याने हलायचे नाही. जवळून जाणारा प्रत्येक सुकाणूवाला हाक मारी, "हिराजी, हजर?"

केस पांढरे झाले, बांबू धरणारे हात थरथरू लागले, तरी दरवर्षी प्रत्येक होडीला त्याला पाण्यातून उत्तर द्यावे लागले, "हजर."